रंगाआधी टोन : छटांच्या सरावातून चित्रकला शिकताना आणि शिकवताना

ठाण्यातल्या कोणत्याही शाळेच्या चित्रप्रदर्शनात मासुंदा तलावाची दोन-चार चित्रे हमखास सापडतात. पाणी निळे असते, काठावरची झाडे हिरवी असतात, होड्या लाल-पिवळ्या असतात. एकेक रंग सुटा पाहिला तर त्यातला कोणताच चुकलेला नसतो. तरीही पाणी आडवे पसरलेले वाटत नाही, होडी पाण्यात बसत नाही आणि झाडांमागचे आकाश झाडांच्या पुढे आल्याचा भास होतो. अशा वेळी मुलाला आणखी चांगले रंग आणून दिले जातात किंवा ‘रंगसंगती सुधार’ असा शेरा मारला जातो. खरी उणीव बहुतेक वेळा टोनची असते. एखादा भाग शेजारच्या भागापेक्षा किती उजळ किंवा किती गडद आहे, हे न पाहताच त्याला रंग दिलेला असतो.

अमेरिकेतील कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगांची जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक रंगाचे तीन गुण वेगळे केलेले आहेत : रंग कोणता, तो किती उजळ वा गडद, आणि तो किती शुद्ध वा मंद. नवशिक्या माणसाला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायला लावल्या की तो ज्या गुणाकडे सहज लक्ष जाते त्यालाच धरून बसतो, आणि तो गुण म्हणजे ‘रंग कोणता’. म्हणून पुढील सर्व सरावांची आखणी एकाच धोरणाने केली आहे : एका वेळी एकच गुण बदलू द्यायचा आणि बाकीचे दोन स्थिर ठेवायचे. घरी स्वतः शिकणारा प्रौढ माणूस आणि सोसायटीतल्या पाच-सात मुलांचा क्लास घेणारी शिक्षिका, या दोघांनाही हा क्रम सारखाच लागू पडतो.

बैठक आणि उजेड

साहित्यावर फार खर्च करू नये. एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी या चार पेन्सिली, कार्ट्रिज कागदाचे पॅड, चारकोलच्या दोन-तीन कांड्या, फळ्यावरचा पांढरा खडू, शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी कव्हरचा कागद, काळ्या आणि पांढऱ्या पोस्टर कलरची एकेक बाटली, आणि जलरंगाच्या सात ट्यूब इतके पुरते. त्या सात म्हणजे लेमन यलो, गॅम्बोज, व्हर्मिलियन, क्रिमझन लेक, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. चोवीस रंगांची पेटी भेट म्हणून आली असेल तर ती सध्या कपाटात ठेवावी. तयार हिरवा, तयार जांभळा आणि तयार तपकिरी हाताशी असले की मिश्रणाचा सराव होतच नाही.

उजेडाची व्यवस्था मात्र काळजीने करावी लागते. घोडबंदर रोडवरच्या किंवा वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये हॉलला एका बाजूने खिडकी असते आणि वर दिवसाही ट्यूबलाइट चालू असते. या दोन उजेडांत ठेवलेल्या वस्तूला दोन पडछाया पडतात, तिची गडद बाजू दुसऱ्या उजेडाने फिकी होते आणि गोलाई दाखवणारा मधला पट्टा नाहीसा होतो. तेव्हा ट्यूब बंद करावी आणि वस्तू खिडकीच्या बाजूला, पण खिडकीसमोर नव्हे, अशी ठेवावी. खिडकी उत्तरेकडची असेल तर उत्तम, कारण तिच्यातून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पावसाळ्यात ढगाळ उजेड इतका सर्व बाजूंनी येतो की छायाच पुसट होतात. त्या दिवसांत एखादा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून, आतून काळा कागद लावून, त्यात वस्तू ठेवावी आणि खोक्याच्या एका बाजूला कापलेल्या खिडकीतून टेबललॅम्पचा उजेड सोडावा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांना हा खोका फार उपयोगी पडतो, कारण सगळ्यांना एकच स्पष्ट छाया दिसते आणि चर्चा मोघम राहत नाही.

पाच छटांची पट्टी

पहिला सराव पेन्सिलीचा आहे. कागदावर साधारण तीन सेंटिमीटरचे पाच चौकोन एकमेकांना चिकटून आखावेत. डावीकडचा चौकोन कोरा ठेवावा आणि उजवीकडचा सिक्सबीने जितका काळा होईल तितका करावा. त्यानंतर दुसऱ्या चौकोनाकडे न जाता थेट मधला, म्हणजे तिसरा चौकोन भरावा. तो दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर वाटला पाहिजे. मग दुसरा आणि चौथा. एका टोकापासून क्रमाने गडद करत जाण्याची सवय बहुतेकांना असते, पण त्या पद्धतीत पहिल्या तीन पायऱ्या हळूहळू चढतात आणि शेवटी एकदम उडी मारावी लागते. टोके आधी ठरवून मधला भाग शोधला की प्रत्येक छटा दोन छटांशी ताडून पाहावी लागते, आणि हे ताडून पाहणेच या सरावाचे प्रयोजन आहे.

शेडिंग करताना रेघा एकाच दिशेने, कोपर हलवून, हलक्या हाताने दोन-तीन थरांत द्याव्यात. बोटाने घासून छटा गुळगुळीत करण्याचा मोह मुलांना फार होतो. तो सुरुवातीला ठामपणे मोडावा. घासलेल्या ग्रॅफाइटने कागदाचा दाणा भरून जातो, सगळ्या छटा मध्यावर येऊन थांबतात आणि पुढे गडद करायला जागाच उरत नाही.

हीच पट्टी मग काळ्या-पांढऱ्या पोस्टर कलरने करावी. येथे एक गोष्ट प्रत्यक्ष अनुभवावी लागते. काळा आणि पांढरा समप्रमाणात मिसळला तर मधली करडी छटा मिळत नाही, ती बरीच गडद निघते, कारण काळ्या रंगद्रव्याचा जोर पांढऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून पांढऱ्यात काळा टोकाटोकाने घालत जावे, काळ्यात पांढरा ओतत बसू नये. दुसरे असे की आपल्या डोळ्यांना जी छटा बरोबर मधली वाटते, ती तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी निम्मा नव्हे तर सुमारे १८ टक्केच उजेड परत पाठवते. छायाचित्रकार वापरतात ते ग्रे कार्ड याच हिशेबाने बनवलेले असते. तेव्हा मोजून-मापून मिसळण्यापेक्षा डोळ्याने ठरवणे हाच येथे योग्य मार्ग आहे. पोस्टर कलर वाळताना गडद छटा किंचित उजळतात आणि उजळ छटा किंचित गडद होतात, त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा ठिपका बाजूच्या कागदावर टाकून, तो वाळल्यानंतरच चौकोन भरावा. तयार झालेल्या पट्टीच्या प्रत्येक चौकोनाला मधोमध पंचिंग मशीनने एक भोक पाडावे. ती पुढे अनेक ठिकाणी लागणार आहे.

पाचाऐवजी नऊ पायऱ्या कराव्यात का, असा प्रश्न विचारला जातो. नऊ करता येतात आणि त्या दिसायला सुंदर असतात, पण चित्र रंगवताना कोणीही नऊ छटा डोक्यात ठेवत नाही. पाच ठेवता आल्या तरी पुष्कळ झाले. लहान मुलांना तर तीनच द्याव्यात : उजळ, मधली, गडद. आठ वर्षांखालच्या मुलाला पट्टी मुळीच करायला लावू नये; त्याला रंगीत कागदांचे तुकडे उजळ-गडद अशा क्रमाने मांडायला द्यावेत, तेवढ्यात त्याचा डोळा तयार होतो आणि कंटाळाही येत नाही.

पांढरा कांदा

वस्तू निवडताना शिक्षक सहसा स्टीलचा तांब्या किंवा पितळी लोटा काढतात, कारण तो परीक्षेत येतो. सुरुवातीसाठी ही निवड वाईट आहे. चकचकीत धातूवर छाया-प्रकाशापेक्षा भोवतालच्या खोलीचे प्रतिबिंबच अधिक दिसते. त्यात खिडकीची पांढरी फीत आणि दाराची काळी फीत शेजारी शेजारी येतात, आणि गोल वस्तूवर छटा कशी वळते हे मुलाला कळतच नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, त्यातला एक कांदा घ्यावा आणि तो पांढऱ्याच कागदावर ठेवावा. वस्तू पांढरी, जमीन पांढरी. रंगाचा आधार पूर्ण संपलेला असतो आणि जे काही दिसते ते केवळ टोनमुळे दिसते.

या कांद्याकडे पाच मिनिटे नुसते पाहावे. डोळे किलकिले केले की बारीकसारीक रेषा नाहीशा होतात आणि मोठे भाग वेगळे होतात. उजेडाच्या बाजूला वरच्या पातळ सालीवर छोटासा हायलाइट, म्हणजे सर्वांत तेजस्वी ठिपका असतो. त्याच्याभोवती उजळ भाग, मग वळणावरची मधली छटा, त्यापुढे सर्वांत गडद असा छायेचा पट्टा, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, खालच्या कागदावरून उसळून आलेला परावर्तित प्रकाश. जमिनीवर पडछाया असते. ती कांद्याच्या बुडाशी सर्वांत काळी आणि रेखीव असते, दूर जाताना फिकी आणि मऊ होत जाते. मुळांचा झुपका व मानेकडची वाळलेली पिवळसर साल या दोन जागा सोडल्या तर कांद्यावर वेगळा रंग जवळजवळ नसतो.

दोन चुका बहुतेक सगळ्या कागदांवर दिसतात. पहिली, परावर्तित प्रकाश उजेडाच्या बाजूइतका पांढरा ठेवणे. तो छायेच्या आतला प्रकाश आहे, तेव्हा तो उजळ बाजूच्या सर्वांत गडद जागेपेक्षाही गडदच राहिला पाहिजे. शंका आली तर भोके पाडलेली पट्टी डोळ्यांसमोर धरून भोकातून त्या जागेकडे पाहावे आणि कोणत्या चौकोनाशी ती मिळते ते ठरवावे. दुसरी चूक बाह्यरेषेची आहे. उजेडाच्या बाजूला पांढरा कांदा आणि पांढरा कागद यांच्या छटा जवळजवळ एक होतात आणि तिथली कड डोळ्याला हरवलेलीच दिसते, पण मुलाला कड माहीत असते म्हणून तो ती काळ्या रेघेने आखतो. त्या जागी कड सोडून द्यावी, किंवा मागे हलकी करडी पार्श्वभूमी देऊन ती आपोआप दिसू द्यावी. शिक्षकाने येथे ‘रेघ पुस’ असे सांगण्यापेक्षा ‘या दोन जागांतली गडद कोणती?’ एवढेच विचारावे. उत्तर शोधताना मूल स्वतःच रेघ पुसते.

यानंतर काळसर जांभळे वांगे, लिंबू आणि पांढरा कांदा असे तिन्ही एकत्र ठेवून तोच सराव पेन्सिलीने करावा. येथे नवा मुद्दा येतो : वांग्याची उजेडातली बाजूसुद्धा कांद्याच्या छायेतल्या बाजूपेक्षा गडद असू शकते. वस्तूचा स्वतःचा टोन आणि उजेडामुळे आलेला टोन या दोहोंची बेरीज करावी लागते, आणि ती एकदा जमली की ग्रेड परीक्षेतील वस्तुचित्र व स्थिरचित्र यांतली अर्धी भीती जाते.

खाकी कागद आणि एका रंगाचा वॉश

पांढऱ्या कागदावर प्रत्येक छटा आपल्यालाच आणावी लागते. खाकी कव्हरच्या कागदावर मधली छटा कागदच देतो, त्यामुळे चारकोलने फक्त गडद भाग आणि खडूने फक्त उजळ भाग टिपले की दहा-पंधरा मिनिटांत वस्तू उभी राहते. चारकोल आणि खडू एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा एकच नियम. मिसळले की मातकट निळसर करडी छटा येते आणि कागदाने दिलेला मध्य वाया जातो. वेगाने काम करणाऱ्या, उतावीळ मुलांना हा सराव विशेष आवडतो, आणि निर्णय लवकर घेण्याची सवयही त्यातूनच लागते.

ब्रश हातात आल्यावर पहिली काही चित्रे एकाच रंगात करावीत. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून येणारी काळसर तपकिरी छटा यासाठी चांगली, कारण ती पुरेशी गडदही होते आणि पाण्याने अगदी फिकीही करता येते. विषय म्हणून उपवन तलाव आणि त्यामागचे येऊरचे डोंगर घ्यावेत. येथे तीन अंतरे आयतीच मिळतात : जवळचा काठ, पलीकडची झाडी आणि मागची डोंगररांग. मधल्या हवेतील बाष्पामुळे व धुळीमुळे दूरच्या वस्तूंचा गडदपणा कमी होत जातो, म्हणून डोंगर सर्वांत फिका, झाडी मधली आणि काठ गडद असा क्रम सकाळी स्पष्ट दिसतो. डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी त्यांच्यावर समोरून ऊन पडते आणि संध्याकाळी सूर्य त्यांच्यामागे जातो. संध्याकाळच्या चित्रात डोंगर आकाशापुढे एकदम गडद होतो आणि सकाळचा क्रम चालत नाही. दोन्ही वेळांची छोटी, पोस्टकार्डाएवढी चित्रे एकाच कागदावर शेजारी शेजारी करून पाहावीत.

वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर, उजळाकडून गडदाकडे द्यावेत. आधी संपूर्ण कागदावर, हायलाइट सोडून, सर्वांत फिका वॉश, तो वाळल्यावर मधल्या छटेचा, शेवटी गडद. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत पहिला वॉश वाळायला इतका वेळ घेतो की अर्धी मुले धीर सोडून ओल्यावरच दुसरा थर देतात आणि कडा फुटतात. कागदाचा पंखा करून वारा घालण्यापेक्षा प्रत्येकाने दोन कागद आलटून-पालटून चालवावेत. मे महिन्यात उलट अडचण येते, वॉश अर्ध्यावर वाळून रेघ पडते. तेव्हा बोर्ड थोडा तिरका ठेवावा आणि ब्रश नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्यावा.

जलरंगात उजेड हा मुख्यतः राखून ठेवलेल्या कागदाचा असतो आणि तो किती तेजस्वी वाटेल हे भोवतालच्या गडद छटांवर ठरते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र आहे. त्यातील स्त्रीने हातातल्या दिव्याला तळव्याचा आडोसा दिला आहे, आणि तिची बोटे उजळलेली दिसतात ती सभोवारच्या अंधाराच्या जोरावर. या चित्राची छापील प्रत समोर ठेवून मुलांना त्यातल्या फक्त तीन छटा खाकी कागदावर उतरवायला सांगाव्यात. जिच्यात मूळ उजेड आहे ती जागा कागदाच्या मानाने किती लहान आहे, हे पाहून मोठ्यांनाही आश्चर्य वाटते.

रंगाचा स्वतःचा टोन

आता सातही ट्यूब काढाव्यात. प्रत्येक रंगाचा शुद्ध, दाट ठिपका कागदावर द्यावा आणि वाळल्यावर त्यावर करड्या पट्टीचे भोक ठेवून, डोळे किलकिले करून, तो कोणत्या चौकोनाशी मिळतो ते लिहावे. लेमन यलो जवळजवळ पांढऱ्याशेजारी जातो, व्हर्मिलियन मध्याच्या आसपास येतो, प्रशियन ब्लू थेट काळ्याशेजारी. म्हणजे रंग निवडला की टोनही बराचसा निवडला जातो, आणि मासुंदाच्या चित्रात पिवळी होडी पुढे का येते व निळे पाणी का खोल जाते याचा उलगडा येथे होतो.

पिवळ्या रंगाची अडचण विशेष आहे. लिंबाच्या छायेसाठी पिवळ्यात काळा घातला की ती छाया पिवळी न राहता शेवाळी हिरवी होते. मुले तेव्हा गोंधळतात. छायेसाठी गॅम्बोजमध्ये किंचित बर्न्ट सिएना आणि त्याहून किंचित अल्ट्रामरीन मिसळावा. पिवळ्याला गडदपणाची मर्यादा आहे, ती ओलांडली की तो पिवळा म्हणून ओळखू येत नाही. निळ्याचे नेमके उलट, तो फार उजळ केला की त्याचे तेज जाते. प्रत्येक रंगाची पाच छटांची पट्टी करताना ही मर्यादा कुठे लागते तिथे पेन्सिलीने खूण करावी.

शेजारचा रंग पाहणाऱ्याला फसवतो, हेही याच टप्प्यावर दाखवावे. एकाच करड्या कागदाचे दोन छोटे तुकडे कापून एक काळ्या आणि एक पांढऱ्या कागदावर चिकटवले तर काळ्यावरचा तुकडा उजळ वाटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल हे गोबेलँच्या विणकाम कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असताना काळ्या धाग्याच्या फिकेपणाविषयी तक्रारी आल्या होत्या. धाग्याचा रंग ठीकच होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि १८३९ मध्ये त्यांनी या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणूनच पॅलेटवर बरोबर वाटलेला रंग कागदावर चुकीचा ठरतो. तो चुकला असे मानण्याआधी शेजारची जागा भरून घ्यावी, मग ठरवावे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोनो फिल्टर लावून चित्र आणि विषय दोन्ही कृष्णधवल पाहण्याची युक्ती आता सर्वांना ठाऊक आहे. ती जरूर वापरावी, पण निवाडा तिच्यावर सोपवू नये. वेगवेगळे फोन लाल आणि निळा वेगवेगळ्या प्रमाणात उजळ धरतात आणि काही फोन छाया आपणहून उजळवतात. डोळे किलकिले करणे अजूनही अधिक भरवशाचे आहे.

दोन पिवळे, दोन निळे, पुष्कळ हिरवे

मिश्रणाचा सराव हिरव्यापासून सुरू करावा, कारण जुलैत येऊरच्या पायथ्याशी उभे राहिले की हिरव्याशिवाय दुसरा विषयच नसतो आणि तयार सॅप ग्रीनने रंगवलेला डोंगर हमखास एकसुरी होतो. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू यांचा हिरवा धारदार, थंड निघतो. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीनचा हिरवा मंद, किंचित ऑलिव्ह निघतो, कारण गॅम्बोज केशरीकडे आणि अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला असल्याने मिश्रणात लालाचा अंश आपोआप शिरतो. दोन पिवळे आणि दोन निळे यांच्या चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या तीन प्रमाणांत बारा हिरवे मिळतात. ते चौकोनांत मांडून ठेवले की तांबूस कोवळी पालवी, भाताची रोपे आणि सागाचे पान यांच्यासाठी कुठून सुरुवात करायची ते ठरवता येते. कुठलाही हिरवा भडक वाटला तर काळा घालू नये, बर्न्ट सिएनाचा किंवा क्रिमझनचा अगदी थोडा अंश घालावा. विरोधी रंगाने तेज कमी होते आणि छटा जिवंत राहते.

जांभळ्याच्या बाबतीत क्रिमझन आणि अल्ट्रामरीन ही जोडी स्वच्छ आहे. व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लूने जांभळा करण्याचा प्रयत्न केला तर मातकट तपकिरी मिळतो, आणि तोही फेकून देण्यासारखा नसतो. पावसात भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीसाठी तो राखून ठेवावा.

बाहेर बसून

बाहेर रंगवायला जाताना उजेड बदलतो ही गोष्ट धरूनच बसावे. पहिल्या दहा मिनिटांत छायांचा आराखडा एका छटेत घालून टाकावा आणि नंतर सूर्य सरकला तरी तो बदलू नये. तलावपाळीवर, म्हणजे मासुंदाच्या काठावर, संध्याकाळी गर्दी होते, म्हणून सकाळी सातच्या सुमारास बसलेले बरे. पाण्यातल्या प्रतिबिंबाचा एक साधा नियम तिथे पडताळून पाहता येतो : गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित उजळ दिसते आणि उजळ वस्तूचे किंचित गडद. प्रतिबिंब हुबेहूब त्याच छटेत रंगवले तर पाण्याची पातळी कळत नाही.

नवी मुंबईकरांसाठी नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकाठी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उतरणारे फ्लेमिंगो हा टोनचा उत्तम धडा आहे. खाडी शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येते आणि पक्षी गुलाबी दिसतात. संध्याकाळी ते उजेडाच्या आड येतात आणि चकाकणाऱ्या पाण्यापुढे तेच पक्षी जवळजवळ काळपट दिसतात. संध्याकाळच्या चित्रात त्यांना तरीही फिका गुलाबी देण्याचा हट्ट झाला की पाण्याची चकाकी मरते. पक्ष्यांचा गुलाबी ठेवायचाच असेल तर तो क्रिमझनमध्ये अल्ट्रामरीन घालून गडद करावा.

फोटोवरून रंगवण्याबद्दल एवढेच, की साध्या फोटोत छाया बहुधा एकसंध काळ्या होतात आणि आकाश पांढरे पडते. मधल्या छटा कॅमेऱ्याने आधीच टाकून दिलेल्या असतात. सरावाच्या काळात तरी फोटो टाळावा.

तपासताना

मुलाच्या कागदावर शिक्षकाने स्वतः ब्रश चालवू नये, हा नियम पालकांना फार कडक वाटतो, विशेषतः परीक्षा जवळ आली की. पण शिक्षकाने सुधारलेली छाया मुलाच्या डोळ्यात उतरत नाही. दाखवायचेच असेल तर बाजूच्या कोऱ्या कागदावर दाखवावे आणि तो कागद बाजूला ठेवून द्यावा. सगळे कागद भिंतीला लावून आठ-दहा फुटांवरून पाहावेत. जवळून न दिसणारा टोनचा गोंधळ तिथून दिसतो. शेरा देताना ‘छान’ आणि ‘सुधारणा हवी’ हे दोन्ही निरुपयोगी आहेत. ‘पडछाया वांग्यापेक्षा उजळ झाली आहे’ हे वाक्य उपयोगी आहे, कारण त्यावर काय करायचे ते मुलाला लगेच कळते.

स्मरणचित्रातही हीच शिस्त न्यावी. विषय वाचल्यावर कच्च्या कागदावर काडेपेटीएवढा चौकोन आखून त्यात तीन छटांत चित्राची मांडणी करावी : माणसे गडद आणि मागचा भाग उजळ, की उलट? हा निर्णय दोन मिनिटांत होतो आणि नंतर रंग कोणतेही निवडले तरी माणसांची गर्दी एकमेकांत विरघळत नाही.

त्याच छटा, दुसरे रंग

शेवटचा सराव सर्वांत गमतीचा आहे, म्हणून तो मुद्दाम उशिरा ठेवावा. उपवनच्या एकरंगी चित्रांपैकी चांगले जमलेले एक निवडावे आणि त्याचा आराखडा तीन कागदांवर उतरवावा. प्रत्येक भागावर, करड्या पट्टीप्रमाणे, एक (सर्वांत उजळ) ते पाच (सर्वांत गडद) असा छटेचा आकडा पेन्सिलीने बारीक लिहावा. मग पहिल्या कागदावर समोर दिसतात ते रंग, दुसऱ्यावर फक्त उष्ण, म्हणजे लाल-केशरी-पिवळे रंग आणि तिसऱ्यावर मन मानेल ते रंग द्यावेत : डोंगर गुलाबी, पाणी पिवळे, झाडी निळी. अट एकच, आकडा बदलायचा नाही. पाणी दोन क्रमांकाचे असेल तर पिवळा दोन क्रमांकाचाच मिसळला पाहिजे, आणि झाडी चार क्रमांकाची असेल तर निळा तितकाच गडद.

तिन्ही कागद वाळल्यावर एका ओळीत लावून डोळे किलकिले करून पाहावेत. आकडे पाळले असतील तर गुलाबी डोंगरही मागेच राहतो आणि पिवळे पाणीही आडवे पसरते. जो भाग पुढे उडी मारतो त्याच्यावर पट्टीचे भोक ठेवून त्याचा खरा आकडा शोधावा. तिसऱ्या कागदावर तो बहुधा पिवळा असतो, दोन लिहिलेला आणि प्रत्यक्षात एकचा झालेला. त्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा पट्टी लावावी.